तीन फादर, एक बेट आणि चहा देणारी बाई

विनोद कसे म्हातारे होतात हे पाहायचं असेल तर ‘फादर टेड’ पाहा. ब्रिटनच्या चॅनल फोरवर १९९५ ते १९९८ या काळात आलेली ही मालिका, एकूण २५ भाग. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर क्रॅगी आयलंड नावाचं एक काल्पनिक बेट आहे. सदा पाऊस, सदा वारा. बिशपने तिथे तीन कॅथलिक धर्मगुरूंना शिक्षा म्हणून पाठवून दिलंय. टेडने यात्रेसाठी जमवलेल्या पैशांत हात मारला होता. डूगलने नक्की काय केलं ते धड कळत नाही, पण काहीतरी भयंकर असावं. आणि म्हातारा फादर जॅक आरामखुर्चीत पडून दारू मागतो आणि शिव्या देतो. तिघांचं करायला मिसेस डॉईल आहे. ती चहा आणते. नको म्हटलं तरी आणतेच.

मी ही मालिका पहिल्यांदा फोनवर, लोकलच्या प्रवासात तुकड्यातुकड्यांनी पाहिली आणि वेड्यासारखी हसले. दुसऱ्यांदा पाहताना लक्ष गेलं ते कथेच्या पायाकडे. एका टीचभर बेटावर तीन धर्मगुरू! बिशपकडे माणसं इतकी उदंड की बिनकामाच्या तिघांना एका कोपऱ्यात टाकून विसरून जाता येतं, हा त्या मालिकेतला मूळ विनोद. आज आयर्लंडमधल्या एखाद्या बिशपला कुणी असे तीन फादर देऊ केले, तर तो टेडला हिशेबापासून लांब ठेवून, डूगलच्या हातात नकाशा देऊन आणि जॅकला थोडा शुद्धीवर आणून तिघांनाही रविवारी वेगवेगळ्या गावांत पाठवेल. विनोद तोच आहे, त्याच्याखालची जमीन सरकली.

या लेखात मला बोलायचंय ते या सरकलेल्या जमिनीबद्दल आणि ती सरकताना कथा-सिनेमांनी कुठे पाहिलं याबद्दल. कॅथलिक चर्चकडे धर्मगुरू कमी पडताहेत, आहेत ते म्हातारे होताहेत. जगभरात साधारण १४० कोटी कॅथलिक आहेत आणि धर्मगुरू चार लाखांच्या थोडे वर. आफ्रिका आणि आशियात धर्मगुरूंचा आकडा वाढतोय, युरोपात वर्षानुवर्षं घसरतोय. बातम्यांत हा विषय आकड्यांचा असतो. कथा-कादंबऱ्यांत आणि पडद्यावर तो एकट्या पुरुषाच्या आत्म्याचा होतो. माझी तक्रार दोन्हींबद्दल आहे, पण दुसऱ्याबद्दल जास्त.

आधी एक गोष्ट साफ करू, कारण आपल्यापैकी बरेच जण चर्चमध्ये गेले असतील ते शाळेच्या नाताळापुरते. धर्मगुरू कमी पडणं म्हणजे बँकेच्या शाखेत मॅनेजर नसणं नव्हे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, दीक्षित धर्मगुरूशिवाय होऊच शकत नाही. पापनिवेदन त्याच्याशिवाय नाही. मरणाऱ्याला तेल लावायचा संस्कार त्याच्याशिवाय नाही. बाप्तिस्मा मात्र अडल्यावेळी कुणीही देऊ शकतं. वसईत पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात, फार नेमका शब्द आहे तो. तर धर्मग्रामात धर्मगुरू नसेल तर चर्चची इमारत असते, घंटा असते, माणसं असतात, आणि ज्या एका गोष्टीसाठी ती सगळी जमतात तीच नसते. ही टंचाई भुकेसारखी आहे, गैरसोयीसारखी नाही. हे मान्य केल्याशिवाय पुढचं वाचण्यात अर्थ नाही, मग वाचणारा श्रद्धावान असो की माझ्यासारखा कुंपणावरचा.

आयर्लंडचं उदाहरण घ्यायचं कारण तिथली घसरण एका आयुष्यात बसते. हा देश एके काळी धर्मगुरू आणि नन्स जगभर पाठवत होता, आपल्याकडच्या कॉन्व्हेंट शाळांतही आयरिश सिस्टर्स होत्या. १९९२ साली एका लोकप्रिय बिशपला मुलगा असल्याचं उघड झालं. तेव्हा तो केवढा मोठा धक्का होता! पुढे जे बाहेर आलं त्यापुढे तो धक्का किरकोळ वाटावा. २००५ साली फर्न्सचा अहवाल आला, २००९ साली रायन आणि मर्फी हे दोन अहवाल आले. लहान मुलांवर धर्मगुरूंनी आणि संस्थांनी केलेले अत्याचार, आणि ते झाकणारे बिशप. मेनूथची सेमिनरी १७९५ साली सुरू झाली. शेकडो मुलांसाठी बांधलेल्या त्या वास्तूत २०१७ साली धर्मगुरू व्हायला फक्त सहा नवे विद्यार्थी आले. टंचाई फक्त घोटाळ्यांमुळे आली असं म्हणणं सोपं आहे आणि अपुरं आहे. जिथे असे अहवाल आले नाहीत तिथेही सेमिनऱ्या रिकाम्या झाल्या. कुटुंबं लहान झाली, शिकायच्या इतर वाटा उघडल्या, ‘घरातला एक मुलगा देवाला’ ही प्रतिष्ठा ओसरली. पण आयर्लंडमध्ये टंचाईला लाजेचा वास चिकटला, आणि त्या वासावर एक फार चांगला चित्रपट उभा आहे.

जॉन मायकल मॅकडॉनाचा ‘कॅल्व्हरी’ २०१४ सालचा. स्लायगो परगण्यातलं समुद्राकाठचं गाव, मागे बेन बुल्बेनचा सपाट माथ्याचा डोंगर. पहिल्याच दृश्यात फादर जेम्स पापनिवेदनाच्या कोठडीत बसलाय. ब्रेंडन ग्लीसनचा तो भलामोठा, थकलेला चेहरा तेवढा दिसतो. जाळीपलीकडून एक आवाज सांगतो की लहानपणी एका धर्मगुरूने माझ्यावर वर्षानुवर्षं अत्याचार केले. तो धर्मगुरू आता मेलाय. म्हणून मी तुला मारणार. वाईट धर्मगुरूला मारून काय होणार, चांगल्याला मारलं तर लोक जागे होतील. पुढच्या रविवारी समुद्रावर ये, तोवर तुझी आवराआवर कर.

मग तो एक आठवडा. खाटीक, डॉक्टर, पैसेवाला, पोलीस, बारवाला, एकेक जण येतो आणि फादरला टोचून जातो. एक दृश्य मी विसरू शकत नाही. फादर जेम्स गावाबाहेरच्या रस्त्याने चालत एका लहान मुलीशी गप्पा मारतोय. गोड, साध्या गप्पा. तेवढ्यात तिचा बाप गाडी घेऊन येतो, मुलीला गाडीत कोंबतो आणि फादरकडे असं बघतो की काही विचारायची सोयच राहत नाही. ज्या झग्याकडे बघून एके काळी आया पोरांना पुढे ढकलत, त्याच झग्याकडे बघून आता मागे ओढतात. यावर दहा पानांचा अहवाल लिहिता येईल आणि तो या एका मिनिटापेक्षा कमी सांगेल.

ग्लीसनचं काम असं आहे की टीका करताना हात अडखळतो. तरीही करते.

हा चित्रपट मी वसईच्या एका मैत्रिणीला पाहायला लावला. ती दर रविवारी चर्चला जाणारी, तिथल्या गायनवृंदात गाणारी. शेवट होतो तो असा: फादर जेम्स खरोखरच समुद्रावर जातो. खुनी त्याला गोळ्या घालतो. मग मुलगी (फादर जेम्स पत्नी वारल्यावर धर्मगुरू झालेला आहे, त्याला मोठी मुलगी आहे) तुरुंगात त्या खुन्याला भेटायला जाते. मी मैत्रिणीला मेसेज केला, कसा वाटला? तिने लिहिलं, ‘रडले. पण मग त्या रविवारच्या मिस्सेचं काय झालं?’

मी हसले आणि मग गप्प बसले. कारण बघा: गावात दोन धर्मगुरू होते. दुसरा, फादर लिअरी, मध्येच बॅग भरून निघून गेलाय. चर्चची इमारत कुणीतरी रात्रीत जाळून टाकलीय. आणि आता फादर जेम्स वाळूत मरून पडलाय. त्याच्या अंत्यविधीची मिस्सा कोण म्हणणार? जी फ्रेंच बाई नवऱ्याची शवपेटी घेऊन परत गेली, तिच्या नवऱ्याला शेवटचा संस्कार द्यायला गावात फादर होता. तसा प्रसंग पुढच्या महिन्यात कुणावर आला तर फोन कुणाला करायचा? चित्रपट जिथे संपतो तिथे त्या धर्मग्रामाची गोष्ट सुरू होते, आणि मॅकडॉनाला तिच्यात रस नाही.

मला वाटतं हुतात्म्याचा शेवट त्याला सोपा गेला. खऱ्या आयर्लंडमधल्या खऱ्या फादर जेम्सला कुणी गोळी घालत नाही. त्याला शेजारचं गाव देतात. मग त्याच्या पलीकडचं. मग तो पंच्याहत्तरीचा होतो आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे बिशपकडे राजीनाम्याचं पत्र पाठवतो. बिशप ते ड्रॉवरमध्ये ठेवतो, कारण जागी पाठवायला कुणी नाही. एका रविवारी या चर्चमध्ये मिस्सा, पुढच्या रविवारी त्या. दाराशी लावलेला वेळापत्रकाचा कागद दर महिन्याला बदलतो आणि म्हाताऱ्या बायका चष्मा लावून तो वाचतात. काही घरी बसून दुसऱ्याच गावातली मिस्सा टॅबवर लाइव्ह पाहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला फादर वेदीच्या दोन पायऱ्या चढताना कठडा धरतो. यात रक्त नाही, समुद्र नाही, डोंगर नाही. आणि म्हणून यात चित्रपट नाही, असं बहुतेक दिग्दर्शकांना वाटत असावं.

ही सवय जुनी आहे. तिचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे जॉर्ज बर्नानोसची १९३६ सालची फ्रेंच कादंबरी, खेड्यातल्या एका धर्मगुरूची डायरी, आणि रोबेर ब्रेसाँने १९५१ साली तिच्यावर केलेला तेवढाच मोठा चित्रपट. आंब्रिकूर या गावात एक तरुण, आजारी फादर येतो. त्याच्या पोटाला पाव आणि वाइन याखेरीज काही सोसत नाही. गाव त्याला हसतं, छळतं, दारुडा म्हणतं. त्याला कर्करोग आहे हे त्याला उशिरा कळतं. सगळं आपण त्याच्या डायरीतून पाहतो. कादंबरीचा घाटच असा की त्याच्या वहीबाहेर गाव नाही.

१९३६ साली हे चालून जात होतं, कारण आंब्रिकूरला माहीत होतं की हा गेला तर दुसरा येईल. गावाचा तुसडेपणा त्या खात्रीवर पोसलेला आहे. आज तीच कादंबरी वाचताना मला फादरपेक्षा सेराफिता आठवते. ती धर्मशिक्षणाच्या वर्गातली आगाऊ पोरगी, त्याला चिडवणारी. तो रात्री चिखलात कोसळतो तेव्हा पाणी आणून त्याचा चेहरा पुसणारी तीच. तिची डायरी कुणी लिहिली नाही.

आणि शेवट आठवा. फादर मरतो तो शहरात, सेमिनरीतल्या एका जुन्या मित्राच्या खोलीत. या मित्राने धर्मगुरूपण सोडलंय, तो एका बाईबरोबर राहतो. खऱ्या फादरला यायला उशीर होतो, तेव्हा मरणारा माणूस या मित्राकडूनच पापक्षमा मागून घेतो. अनेकांना हे बर्नानोसचं बंड वाटतं. बंड अजिबात नाही. मृत्यू समोर असेल तर धर्मगुरूपण सोडलेल्या माणसालाही पापक्षमा देता येते, चर्चचा कायदाच तसं म्हणतो. मला यात मोठं मन दिसतं. एक माणूस मरत असेल तर इतके कडक नियम वाकतात. मग एक अख्खा धर्मग्राम मरत असेल तर?

तिथे नियम फार थोडे वाकतात. १९८३ च्या कायद्यात एक कलम आहे, ५१७ वं, त्याचा दुसरा भाग. धर्मगुरूंची टंचाई असेल तर धर्मग्रामाच्या देखभालीत उपयाजकाला किंवा दीक्षा नसलेल्या, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या प्रापंचिक माणसाला बिशप सहभागी करून घेऊ शकतो, मात्र वर देखरेखीला एक धर्मगुरू हवाच. या फटीतून जर्मनी-अमेरिकेत बरंच काही उगवलं. बायका कार्यालय चालवू लागल्या, आजाऱ्यांकडे जाऊ लागल्या, रविवारी फादर नसेल तेव्हा शास्त्रपाठ आणि प्रार्थना घेऊन, आधीच्या मिस्सेतून राखून ठेवलेलं कम्युनियन वाटू लागल्या. वसईच्या मैत्रिणीच्या भाषेत, ‘मिस्सा नाही, पण मिस्सेची सावली.’

मग ट्रियर घडलं. जर्मनीतला हा फार जुना धर्मप्रांत (कार्ल मार्क्सचं जन्मगाव, त्यानेही पुढे मोठ्या पुनर्रचना सुचवल्याच). त्यांनी ठरवलं की आपले ८८७ धर्मग्राम मोडून ३५ महाधर्मग्राम करायचे आणि प्रत्येकाची धुरा धर्मगुरू आणि प्रापंचिक मिळून एका गटाकडे द्यायची. २०१९ च्या नोव्हेंबरात रोमने ती योजना थांबवली. जुलै २०२० मध्ये व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक खात्याने धर्मग्रामांबद्दल एक सूचनापत्र काढलं.

ते पत्र मी साहित्य वाचतात तसं वाचलं, कारण दुसरं काही मला येत नाही. त्यात शहाणपण आहे. नुसते धर्मगुरू कमी आहेत म्हणून धर्मग्राम बुडवू नका असं ते म्हणतं, आणि ३५ च्या हिशेबासमोर मी रोमच्या बाजूची आहे. गावाचं नाव पुसून ‘क्लस्टर चार’ लिहिलं की काय होतं हे जिल्हा परिषदेच्या शाळा एकत्र करताना आपण पाहिलंय. अंतर किलोमीटरमध्ये मोजतात आणि पोर चालत जाणार असतं. पण त्याच पत्रात एक यादी आहे. ज्या प्रापंचिकांकडे अशी जबाबदारी दिली जाते त्यांना काय म्हणायचं नाही, याची. पाळक म्हणू नका, सहपाळक म्हणू नका, समन्वयक म्हणू नका, धर्मग्रामाचे व्यवस्थापक म्हणू नका. एकामागून एक शब्द काढून घेतलेत. वाचताना मला मिसेस डॉईल दिसत होती, हातात ट्रे घेऊन उभी. तिलाही मालिकाभर कुणी पहिल्या नावाने हाक मारत नाही.

याच वर्षीचा दुसरा दस्तऐवज जास्त लोभस आहे आणि म्हणून जास्त छळतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेझॉनच्या प्रदेशातले बिशप रोममध्ये जमले होते. तिथल्या जंगलात अशी गावं आहेत जिथे फादर वर्षातून एकदा येतो, किंवा तेवढाही येत नाही. बिशपांनी १२८ विरुद्ध ४१ मतांनी सुचवलं की या दुर्गम भागांसाठी, समाजाने मानलेल्या, कुटुंबवत्सल विवाहित पुरुषांना धर्मगुरूची दीक्षा देण्याची वाट उघडावी. सगळं जग पोप फ्रान्सिस काय म्हणतात याची वाट पाहत होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचं उत्तर आलं, ‘प्रिय अमेझोनिया’ अशा संबोधनाने सुरू होणारं.

एखाद्या धर्मप्रमुखाने इतक्या कविता उद्धृत केलेला दुसरा दस्तऐवज मी वाचलेला नाही. नेरुदा आहे, विनिसियस द मोराइस आहे, नदीवर लिहिणारे कितीतरी कवी आहेत. चार स्वप्नांची रचना आहे: समाजाचं, संस्कृतीचं, निसर्गाचं आणि चर्चचं. पहिली तीन वाचताना मी पेन्सिलीने रेघा मारत होते. चौथ्याशी आले आणि लक्षात आलं की ज्या प्रश्नावर मतदान झालं तो प्रश्न मजकुरात नाहीच. नाकारलेला नाही. नुसता नाही. जो लेखक नदीबद्दल बोलताना कवींना बोलावतो, तो इथे येऊन गप्प होतो. गप्प राहणं हीसुद्धा एक शैली असते हे मला मान्य आहे, पण ती शैली वाचणाऱ्याच्या अंगावर पडते.

त्याच भागात दोन जागा आहेत ज्यांवरून मला हा लेख सुचला. एका ठिकाणी फ्रान्सिस सांगतात की अमेझॉनमध्ये असे समाज आहेत जिथे दशकानुदशकं धर्मगुरू फिरकला नाही तरी श्रद्धा टिकली, आणि ती टिकली बायकांमुळे. त्यांनी बाप्तिस्मे दिले, पोरांना शिकवलं, प्रार्थना चालवल्या. वाक्यांत खरी कृतज्ञता आहे. मग लगेच पुढे, या बायकांना दीक्षा देणं म्हणजे त्यांचं मोठेपण पुरोहितपणाच्या साच्यात कोंबणं होईल, असा युक्तिवाद. तो मी सहज उडवून लावणार नाही. दर्जा म्हणजे झगा आणि झगा म्हणजे सत्ता, हे समीकरण मोडायला हवं हे खरंच. पण समीकरण मोडायचं काम नेहमी ज्यांच्याकडे झगा नाही त्यांनीच का करायचं, हे त्या परिच्छेदात मला सापडलं नाही.

दुसरी जागा तळटीपेत आहे. अमेझॉनच्या खोऱ्यातल्या काही देशांतून जेवढे मिशनरी आपल्या जंगलातल्या धर्मग्रामांत जातात, त्याहून जास्त युरोप आणि अमेरिकेला जातात! तळटीप वाचायचा कंटाळा करू नये तो यासाठी. आख्खा विषय तिथे एका वाक्यात पडलाय. धर्मगुरूंची टंचाई सगळीकडे आहे, पण ती भरून काढायची ताकद सगळीकडे नाही. जिथे पैसा आहे तिथे माणूस जातो, मग तो डॉक्टर असो, नर्स असो की फादर.

मराठीत पाद्र्याबद्दलचं सर्वांत जिवंत पुस्तक कुठलं? माझं उत्तर ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. टिळक प्रोटेस्टंट, त्यामुळे पाद्री असूनही संसारी. या पुस्तकात धर्मांतर, उपदेश, कविता, सगळं आहे, पण आपण ते पाहतो स्वयंपाकघराच्या दारातून. टिळक पैसे वाटून मोकळे होतात आणि घरात तांदूळ नाही हे लक्ष्मीबाईंना माहीत असतं. टिळकांनी स्वतःची डायरी लिहिली असती तर ती कदाचित बर्नानोसच्या जवळ गेली असती. लक्ष्मीबाईंनी लिहिलं म्हणून आपल्याला माणूसही मिळाला, घरही मिळालं आणि त्याच्याभोवतीचा समाजही.

कॅथलिक फादरला लक्ष्मीबाई नसते. याचा अर्थ फादरांची लग्नं लावली की प्रश्न सुटला असा मी काढत नाहीये. ज्या प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये पाद्री लग्न करतात आणि बायकाही पाद्री होतात, तिथेही युरोपात एकेक जण चार-चार गावं सांभाळतोच आहे. माझा मुद्दा लिहिण्याचा आहे. ब्रह्मचारी धर्मगुरूच्या आसपास जी माणसं असतात, स्वयंपाकीण, घंटा वाजवणारा, हिशेब ठेवणारा मास्तर, फुलं लावणाऱ्या बायका, त्यांना कुणी लेखक समजलंच नाही. म्हणून धर्मगुरू संपले की गोष्ट संपली असं आपल्याला वाटतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर युरोपीय संन्यासी धर्मगुरू निघून गेले, मागे उरले मोजके स्थानिक धर्मगुरू आणि हजारो माणसं. ती माणसं आजही तिथे आहेत. विजयाच्या बखरी आपल्याकडे आहेत, पण त्या पहिल्या रविवारी वसईतल्या एखाद्या घरात काय ठरलं असेल यावर कादंबरी नाही. कुणी लिहिली तर मी पहिली प्रत घेईन.

वसईच्या मैत्रिणीचे मामा जर्मनीत फादर आहेत. घरात त्यांना सगळे फादरमामा म्हणतात. वय साठीच्या पुढे, म्हणजे तिथल्या हिशेबाने तरुण. त्यांच्याकडे तीन गावांची तीन चर्चेस. मैत्रिणीने एकदा मला व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी बोलायला बसवलं. मी ‘कॅल्व्हरी’बद्दल विचारायच्या तयारीत होते. ते म्हणाले, ‘पाहिलाय गं. फार ड्रामा आहे. माझ्या आयुष्यात जास्त ड्रायव्हिंग आहे.’ मग आपणहून म्हणाले की वसईत आई गेली तेव्हा पोहोचता आलं नाही, आणि त्याच आठवड्यात इथे दुसऱ्या तिघांच्या आयांना माती दिली. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मैत्रीण मात्र स्क्रीनपासून बाजूला झाली.

सर्वांत छोट्या गावातल्या चर्चच्या किल्ल्या एका बाईंकडे आहेत. वय ८० च्या वर. फादरमामा पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचं जर्मन ऐकून बाई म्हणाल्या, प्रवचन आदल्या दिवशी मला वाचून दाखवत जा. तेव्हापासून दर शनिवारी ते वाचून दाखवतात आणि बाई उच्चार दुरुस्त करतात, कधीकधी मतंही. फादरमामांच्या आधी त्या चर्चमध्ये किती फादर आले-गेले हे बाईंना तोंडपाठ आहे. शिवाय एक वही आहे. त्यांनी लग्नानंतर कधीतरी ती सुरू केली. तारीख, मिस्सा कुणी म्हटली, किती माणसं आली, मेणबत्त्या किती जळल्या, कुणाचं दफन, छत कुठे गळतं. फादर न आलेल्या रविवारीही नोंद आहे, आणि त्या दिवशी काय वाचलं, कुणी वाचलं, हेही.

मी म्हटलं, त्या वहीचे फोटो पाठवाल का? फादरमामा म्हणाले, विचारून बघतो, पण बाई नाही म्हणतील, आणि तुला जर्मन येतं कुठे.

मी ड्युओलिंगोवर सुरुवात केलीय. अजून सफरचंद आणि पावाच्या पुढे गेलेले नाही.